नागपुरात पहिली ते पाचवीची शाळा: नकाशा अंतिम करण्याआधी काय काय तपासावं?

मोकळी_पाटी (धागाकर्ती)

शहराच्या दक्षिणेला, बेसा ओलांडल्यावर, शाळेसाठी एक एकर जागा मिळाली आहे. रस्ता पश्चिमेला. रस्त्याकडची बाजू ५० मीटर, आत लांबी ८० मीटर. पहिली ते पाचवी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे १० वर्ग आणि ३०० मुलं. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक आहे, त्यामुळे ३० च्या वर एकही मूल नाही हे समितीनं पक्कं केलं आहे.

वास्तुविशारदाचा पहिला नकाशा असा: रस्त्याला समांतर तळमजला अधिक दोन मजले. मध्ये २ मीटरचा बंद कॉरिडॉर, त्याच्या दोन्ही अंगांना वर्ग. रस्त्याकडची पूर्ण बाजू काचेची. स्वच्छतागृहं मागच्या कोपऱ्यात, मागे मैदान. माती तपासणीचा अहवाल आला आहे: वर १.८ मीटर काळी माती, फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती फुगते त्याचं माप) ७० टक्के, खाली घट्ट मुरूम.

नकाशा दिसायला छान आहे, पण मनाला पटत नाही. या विषयात काम करणाऱ्यांनी आकड्यांसकट सांगावं, म्हणजे समितीपुढे मांडता येईल.

---

सावलीरेघ

ताई, पहिल्यांदा दिशा, कारण ती चुकली की नंतर कशानंही दुरुस्त होत नाही.

रस्त्याला समांतर इमारत म्हणजे अर्धे वर्ग पश्चिमेला आणि अर्धे पूर्वेला तोंड करून. पश्चिमेच्या उन्हाची भीती सगळ्यांनाच असते. पण आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची भरते, हे नकाशा काढताना कुणाच्या ध्यानात राहत नाही. एप्रिलच्या मध्याला नागपुरात सकाळी सव्वाआठच्या सुमारास सूर्य जवळजवळ सरळ पूर्वेला, क्षितिजापासून ३१ अंशांवर असतो. दुपारी सव्वाचारला तितकाच खाली पश्चिमेला. दीड मीटर उंचीच्या खिडकीवर हे ऊन अडवायचं तर सज्जा अडीच मीटर बाहेर काढावा लागेल. तो सज्जा राहत नाही, वरांडाच होतो. म्हणजे पूर्वेच्या पाच वर्गांत उन्हाळ्यात पूर्ण शाळेच्या वेळेत वहीवर ऊन, आणि पश्चिमेच्या पाच वर्गांत ऑक्टोबरपासून दुपारची सत्रं भाजून निघणार. पश्चिमेची काच तर नकोच. रंगीत किंवा दुहेरी केली तरी ती तापते आणि आतल्या भिंतींना तापवते.

आता दक्षिण बघा. नागपूर २१ अंश ९ कलांच्या आसपास उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे साधारण ६९ अंशांवर येतो. त्याच दीड मीटरच्या खिडकीला ६० सेंटीमीटरचा सज्जा पुरतो. २१ डिसेंबरला सूर्य ४५ अंशांवर उतरतो, तेव्हा त्याच सज्ज्याखालून खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येतं, आणि जानेवारीच्या सकाळी ते हवंच असतं. उत्तरेकडे मध्यान्हीचा सूर्य जातो तो फक्त साधारण २६ मे ते १७ जुलै, म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू होतो तेव्हा तो बरोबर डोक्यावर असतो. त्यातला महिनाभर सुट्टीच. उत्तरेला ४५ सेंटीमीटरचा सज्जा आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या एवढं केलं की झालं.

म्हणून वर्गांची ओळ पूर्व-पश्चिम लांब ठेवा. तुमची जागा आत ८० मीटर आहे, त्याला अगदी सोयीची. ओळीच्या पूर्व आणि पश्चिम टोकांच्या भिंतींत एकही खिडकी नको. तिथे साहित्याची खोली, शिक्षक खोली अशा जागा टाका. ऊन त्या झेलतील.

दुसरं, ३०० मुलांना तीन मजले लागतात हे कुठल्या हिशोबानं? ६ बाय ८ मीटरचा वर्ग धरा, ४८ चौरस मीटर, म्हणजे मुलामागे १.६. पाच वर्गांची एक ओळ भिंतींसकट साडेएकेचाळीस मीटर. अशा दोन ओळी समोरासमोर, मध्ये १२ मीटरचं अंगण. प्रत्येक ओळीची रुंदी २.४ मीटरच्या वरांड्यासह सव्वानऊ मीटर. सगळं मिळून साडेतीस मीटर रुंदी, तुमच्याकडे ५० आहे. लांबीतही जवळपास ३८ मीटर उरतात. दोन्ही ओळी मिळून ७६५ चौरस मीटर, कार्यालय, ग्रंथालय, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह धरून एक हजारच्या आसपास. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. सगळी शाळा जमिनीवर बसते, वर मैदान शिल्लक राहतं.

---

ओळंबा

सावलीरेघ यांच्या दिशेच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पण बैठ्या शाळेचा खर्च समितीनं डोळे उघडे ठेवून बघावा. काळ्या मातीत पैसा पायात जातो आणि नागपुरात छतावर जातो. एकमजली म्हणजे दुमजलीच्या तुलनेत पाया दुप्पट लांब आणि छतही दुप्पट. मी तरीही लहान मुलांसाठी बैठीच निवडेन, पण हा खर्च अंदाजपत्रकात आधीच दिसला पाहिजे. नाहीतर अर्ध्यात पैसे संपतात आणि कात्री नेमकी छताच्या थरांवर लागते.

आता पाया. फ्री स्वेल ५० टक्क्यांच्या वर असेल तर माती त्रासदायक समजायची. तुमची ७० आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. पण काळी माती फक्त १.८ मीटर आहे हे तुमचं भाग्य. कॉलमचे खड्डे २.१ ते २.४ मीटर नेऊन फुटिंग (कॉलमचा रुंद तळ) मुरमात बसवा. अंडर-रीम्ड पाइलची (तळाशी फुगीर केलेल्या खोल काँक्रीटच्या खांबांची) गरज नाही. ते काळी माती तीन-साडेतीन मीटरच्या पुढे जाते तिथे परवडतात. खड्डा नकाशातल्या खोलीला पोचला म्हणून थांबायचं नाही, मुरूम लागला म्हणून थांबायचं. एक एकरात काळ्या मातीची जाडी एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा मीटर सहज बदलते, म्हणून प्रत्येक खड्डा इंजिनिअरनं स्वतः उतरून बघावा.

प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईच्या) खाली ७५ ते ८० मिमी पोकळी हवी. ही गोष्ट सर्वात जास्त चुकते. ठेकेदार बीम सरळ मातीवर ओततो, पहिल्या पावसाळ्यात माती फुगते आणि बीम वर ढकलते. उपाय सोपा: खाली रेतीचा थर टाकून त्यावर बीम ओतायचा, फळ्या निघाल्या की रेती ओढून काढायची, आणि पोकळीत बाहेरून माती घुसू नये म्हणून कडेला विटेचा एक पातळ थर उभा करायचा.

वर्गाच्या आतली काळी माती निदान १ मीटर काढा. त्या जागी मुरूम, १५० मिमीच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून ठोकलेला. खड्ड्यातून निघालेली काळी मातीच पुन्हा जोत्यात भरणं हा चोरीचा नेहमीचा रस्ता आहे. भरावाच्या दिवशी कुणीतरी उभं राहा. थर ठोकून झाला की १२ मिमीची सळाख हातानं रेटून बघा. सहज आत गेली तर तो थर पुन्हा.

बाहेरून भिंतीला लागून १.२ मीटर रुंदीचा पक्का ओटा, बाहेरच्या बाजूला ४० ला १ असा उतार, पुढे नाली. ओटा आणि जोतं यांच्यातला सांधा डांबरी सीलंटनं बुजवा. भिंतीलगतची माती वर्षभर सारख्याच ओलाव्यात राहावी हा त्यामागचा हेतू. म्हणूनच भिंतीलगत बगिच्याचा नळ नको, वाफे नकोत.

आणि एक ओळखीची खूण सांगून ठेवतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग मे महिन्यात उघडत असेल आणि ऑगस्टमध्ये मिटत असेल तर तो प्लास्टरचा दोष नाही, मातीचा आहे. ती मे महिन्यात पुट्टीनं बुजवली की पावसाळ्यात पुट्टी फुगून बाहेर येते. आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा.

कामाचं वेळापत्रक: पाया आणि जोतं जूनच्या पहिल्या आठवड्याआधी वर आलं पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर काळ्या मातीतला उघडा खड्डा दोन दिवसांत ढासळतो. म्हणजे काँक्रीट एप्रिल-मेमध्ये पडणार. तेव्हा ओतायचं काम संध्याकाळी, गिट्टी सावलीत ठेवून तिच्यावर पाणी मारलेलं, सळाखी आणि फळ्या ओतण्याआधी पाण्यानं थंड केलेल्या. राखमिश्रित सिमेंट असेल तर १४ दिवस पाणी. स्लॅबवर आळी करून पाणी उभं ठेवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा. दुपारी पोतं हाताला कोरडं लागलं तर त्या दिवसाची क्युरिंग झालीच नाही असं समजा.

---

पाटीपेन्सिल

दोन्ही प्रतिसाद उत्तम. माझ्याकडून वर्गाच्या आतलं, मुलांच्या उंचीवरून.

खिडकीचा उंबरा जमिनीपासून ६० ते ७० सेंटीमीटरवर हवा, म्हणजे बसलेल्या पहिलीच्या मुलाला झाड दिसतं. इमारतींची सवय ९० ची असते. त्यात मुलाला फक्त आकाश दिसतं आणि वाराही डोक्यावरून जातो. जाळी लावायची तर उभ्या गजांची, दोन गजांत १०० मिमीपेक्षा कमी अंतर. आडवे गज म्हणजे शिडी.

वरांड्याकडच्या खिडक्या बाहेर उघडणाऱ्या कधीच नकोत. ६० सेंटीमीटरच्या उंबऱ्यावर बाहेर उघडलेली झडप धावणाऱ्या मुलाच्या बरोबर कपाळाच्या उंचीला येते. तिथे सरकत्या किंवा आत उघडणाऱ्या घ्या. दुसऱ्या बाजूला बाहेर उघडणाऱ्या चालतील, आणि वाऱ्यासाठी त्याच बऱ्या, कारण सरकती खिडकी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही.

फळा कुठल्या भिंतीवर, हे नकाशातच ठरवा. उजेड मुलांच्या डाव्या अंगानं आला पाहिजे, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्या मुलांना दुसऱ्या अंगाच्या खिडक्यांजवळ बसवावं.) उत्तरेकडच्या ओळीला मोठ्या खिडक्या उत्तरेला असतील, तर फळा पूर्वेच्या भिंतीवर. दक्षिणेकडच्या ओळीला मोठ्या खिडक्या दक्षिणेला असतील, तर फळा पश्चिमेच्या भिंतीवर. दोन्ही ओळींचा नकाशा एकच छापून उलटा लावला की हे हमखास चुकतं. फळ्याची खालची कड पहिली-दुसरीला जमिनीपासून ६० सेंटीमीटर. तो शिक्षकाइतकाच मुलांसाठीही आहे.

ट्यूबलाइट पंख्याच्या वर नको. पात्यांची सावली वहीवर सारखी लपलपते, मुलं डोळे चोळत बसतात आणि कारण कुणाला कळत नाही. ६ बाय ८ च्या वर्गात चार पंखे, आणि दिवे पंख्यांच्या मधल्या पट्टीत, पात्यांच्या पातळीखाली लोंबते.

आवाजाबद्दल नकाशात कुणी काही लिहीत नाही. दोन वर्गांमधली भिंत थेट स्लॅबपर्यंत न्या, फॉल्स सीलिंगला येऊन थांबवू नका. आणि चारही भिंती, फरशी, छत सगळंच टणक असेल तर वर्ग घुमतो. मागच्या भिंतीवर पूर्ण लांबीचा, १.२ मीटर उंचीचा मऊ बोर्ड लावा. मुलांची चित्रंही लागतात, घुमणंही कमी होतं.

दार १ मीटर रुंद, बाहेर उघडणारं, पण दाराची चौकट वर्गाच्या आत खोबणीत घेतलेली, म्हणजे उघडलं दार वरांड्याची वाट अडवत नाही. बोट चिमटण्याच्या घटना बिजागरीच्या फटीत होतात. तिथे रबरी पट्टी लावून घ्या.

बाकी ‘बाला’च्या (BaLA, म्हणजे इमारतच शिकण्याचं साधन) कल्पना, जसं दाराच्या उघडण्याच्या कमानीवर फरशीत कोन आखणं, खांबांवर उंचीची पट्टी, वरांड्याच्या फरशीत संख्यारेषा, या फरशी बसवतानाच केल्या तर टिकतात. नंतर रंगानं केल्या तर दोन वर्षांत पुसल्या जातात.

---

मोकळी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन प्रश्न. एक, व्यवस्थापनातले काही जण म्हणतात, काच नसेल आणि इमारत बैठी असेल तर पालकांना शाळा "साधी" वाटेल. दोन, वर्गांना कूलर लावायचे का, आणि कुठे?

---

सावलीरेघ

पहिल्याचं उत्तर: शाळा बघायला येणारा पालक मे-जूनमध्ये येतो. ४३ अंशांत फाटकातून आत आल्यावर २.४ मीटरच्या सावलीत पाय पडला, समोर झाडांचं अंगण दिसलं, वर्गात शिरल्यावर डोळ्यांना आणि अंगाला बरं वाटलं, तर त्याला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. रस्त्याकडून रूप हवंच असेल तर विटेची उघडी जाळीची भिंत घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांमुळे राखेच्या विटा आपल्याकडे भरपूर आहेत. फक्त त्या लावण्याआधी नीट भिजवा, नाहीतर मसाल्यातलं पाणी शोषून घेतात आणि सांधे ठिसूळ होतात.

कूलरबद्दल. नागपुरात कूलर लागणारच, आणि कोरड्या हवेत तो चांगलं काम करतो. नकाशात जागा ठेवली नाही तर नंतर काय होतं ते सांगतो: खिडकीतली जाळी कापून कूलर वरांड्यात उभा राहतो, मुलांची वाट अडते, पाणी वरांड्यात सांडतं, वायर दारातून जाते. म्हणून वरांड्याच्या विरुद्ध बाजूला, प्रत्येक वर्गामागे एक, सव्वा मीटर बाय एक मीटरचा ओटा, वर सज्जा, पाण्याची १५ मिमीची लाइन, सांडपाण्याचा पाइप आणि शेजारी अर्थिंगसह प्लग. मोठा कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तासाला १५-२० लिटर पाणी उडवतो; ते बादलीनं भरत बसायला कुणाला वेळ नसतो. आणि कूलरची हवा आत आली तितकी बाहेर जायला हवी. वरांड्याकडच्या वरच्या झडपा उघड्या ठेवल्या नाहीत तर अर्ध्या तासात वर्ग दमट होतो. पावसाळ्यात कूलर पूर्ण रिकामा करून, पुसून, उलटा ठेवा. टाकीत पाणी राहिलं तर डेंग्यूचे डास शाळेतच तयार होतात.

पण कूलरच्या आधी छत. साध्या १२५ मिमीच्या स्लॅबचं तापलेलं पोट संध्याकाळपर्यंत खाली उष्णता सोडत राहतं. स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएसच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या) पाट्या, त्यावर उताराचा कोबा, त्यावर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. उतार किमान १०० ला १. कोब्याआधी जलरोधनाचा थर देऊन ४८ तास पाणी उभं करून तपासणी. पुढेमागे सौर पॅनल लावायचे असतील तर त्यांचे काँक्रीटचे ठोकळे स्लॅबसोबतच ओता. नंतर ड्रिल केलं की पहिल्याच पावसात गळती. सभागृहावर मात्र टिनाचं छप्पर सुचवू नका. पाऊस सुरू झाला की आतलं बोलणं ऐकू येत नाही.

पुढे वर्ग वाढले तर? मजला चढवायची सोय उत्तरेकडच्या ओळीत ठेवा, दक्षिणेकडच्या नव्हे. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य ४५ अंशांवर असतो, म्हणजे इमारत जितकी उंच तितकी लांब तिची सावली. दक्षिणेची ओळ साडेसात मीटर उंच झाली तर १२ मीटरच्या अंगणात हिवाळ्यात दुपारीही साडेचार मीटरच ऊन उरेल. उत्तरेची चढवली तर अंगणाला काहीच होत नाही.

---

ओळंबा

वरच्यात भर: उत्तरेच्या ओळीचे पाये आणि कॉलम आजच दोन मजल्यांच्या वजनाचे करा, आणि दोन्ही टोकांना जिन्याची जागा मोकळी ठेवा. जिना १.५ मीटर रुंद, पायरी ३०० मिमी खोल, चढ १५० च्या आत. मजला ३.६ मीटर धरला तर २४ चढ होतात. पहिली-दुसरीच्या पायांना २६ चढ, प्रत्येकी साधारण १३८ मिमी, जास्त सोपे. दोन्ही टोकांना जिने असले की ओळीतल्या कुठल्याही दारापासून जिना २५ मीटरच्या आत येतो. राष्ट्रीय इमारत संहितेत शाळेसाठी ३० ची मर्यादा आहे. कठड्याची उंची १.२ मीटर, पुन्हा उभे गज. हात धरायचा पाइप दोन उंचींवर.

जोतं ६० सेंटीमीटर असेल तर १२ ला १ च्या उतारानं रॅम्प ७.२ मीटर लांब. ९ मीटरच्या आत असल्यानं मधला थांबा लागत नाही. वर आणि खाली मात्र दीड मीटरचा सपाट चौक हवा, चाकाची खुर्ची वळण्यासाठी. रॅम्पवर घासलेली ग्रॅनाइट किंवा व्हिट्रीफाइड टाइल नको. खरखरीत कोटा किंवा खाचा पाडलेलं काँक्रीट.

---

नळपट्टी

पाणी आणि स्वच्छतागृहाचं मी सांगतो, कारण मागच्या कोपऱ्यातली स्वच्छतागृहं हा त्या पहिल्या नकाशातला सर्वात मोठा दोष आहे. लांब, नजरेआड आणि पावसात भिजत जावं लागलं की लहान मुलं, विशेषतः मुली, दिवसभर पाणी पीत नाहीत. दोन ओळींच्या टोकाला, वर्गांपासून ८-१० मीटरवर, छताखालच्या वाटेनं जोडलेली आणि शिक्षक खोलीतून प्रवेश दिसेल अशी ठेवा.

संख्या: केंद्राच्या स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या मापानं साधारण ४० मुलांमागे एक शौचकूप आणि ३ मुताऱ्या असा एक संच. ३०० ला ८ संच, ४ मुलांचे, ४ मुलींचे. माझा आग्रह, मुलींकडे आणखी दोन शौचकूप द्यावेत. शिवाय चाकाच्या खुर्चीसाठी एक वेगळं, आत दीड मीटरचं वर्तुळ फिरेल एवढं. दाराखाली १५० मिमी फट, कडी बाहेरून नाण्यानं उघडता येईल अशी.

पाइपांच्या मागे ७५ सेंटीमीटरची मोकळी गल्ली ठेवा. ती नसली की एक सांधा गळला तरी टाइल फोडावी लागते, मग कुणी फोडत नाही आणि ते पाणी पायात मुरतं. ओळंबा यांनी सांगितलेल्या भेगा बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात. काळ्या मातीत मलवाहिनीचे कडक सिमेंटचे सांधे तुटतात. रबरी रिंगचे पीव्हीसी पाइप, खाली-वर रेतीच्या थरात.

पाणी दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरतात. ३०० मुलांना १३,५०० लिटर. जमिनीखाली १५,००० ची टाकी, वर ७,००० ची. पिण्याचं पाणी मात्र गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतून देऊ नका. एप्रिलमध्ये नळातून चहाचं आधण येतं. पिण्याची वेगळी टाकी उत्तरेच्या सावलीत, आणि शेजारी ओट्यावर माठांची रांग, प्रत्येकाला नळ. ओट्याला उतार आणि नाली हवी, नाहीतर शेवाळ धरून मुलं घसरतात. नळांची उंची पहिली-दुसरीला ६० सेंटीमीटर, मोठ्यांना ७५. पोषण आहाराच्या वेळी १५० मुलं एकदम हात धुणार म्हटलं तर १२ ते १५ नळ लागतील, आणि त्यांना पाणी पोचवणारी मुख्य लाइन ४० मिमीची. २० मिमीची टाकली तर शेवटच्या पाच नळांना धार येत नाही आणि तिथेच ढकलाढकली होते.

पावसाचं पाणी: तासाला १०० मिमीचा पाऊस धरून चाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या जोरात १०० मिमीचा एक पाइप साधारण ४३ चौरस मीटर छत रिकामं करतो, १५० मिमीचा १२५. तुमची एक ओळ ३८० चौरस मीटर, म्हणजे १५० मिमीचे ४ पाइप प्रत्येक ओळीला. प्रत्येकाच्या तोंडाशी घुमटाकार जाळी. सपाट जाळी एका करंजाच्या पानानं बंद होते. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिमी पाऊस पडतो. दोन्ही ओळींवरून सात लाख लिटरच्या आसपास पाणी मिळेल. पहिल्या दोन पावसांचं वाहू द्या, नंतर गिट्टी आणि रेतीच्या गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात. हा खड्डा इमारतीपासून लांब आणि मुरमाच्या खालपर्यंत नेलेला. काळ्या मातीत तो फक्त डबकं होतो.

---

करंजछाया

झाडांची जागाही नकाशावर आजच मांडा. मैदान रस्त्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला घ्या. धूळ आणि हॉर्न वर्गांपासून लांब राहतील. पश्चिम कुंपणालगत करंजाची रांग, ६ मीटर अंतरानं. दुपारनंतर तिची सावली मैदानावर पडते. करंज आणि कडुनिंब दोन्ही ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी पालवी घेतात, म्हणून एप्रिलमध्ये सावली मिळते. अंगणात एक-दोन बकुळ आणि एक ताम्हण. गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात. कण्हेर तर शाळेच्या आवारात अजिबात नको, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

काळ्या मातीत मोठं झाड भिंतीपासून निदान त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीइतकं दूर. मुळं माती शोषून कोरडी करतात आणि त्या बाजूचा पाया बसतो. तुमचे पाये मुरमात असले तरी ओटा आणि फरशी वाचवायला हे पाळा. १२ मीटरच्या अंगणात म्हणूनच मोजकी आणि छाटून लहान ठेवलेली झाडं.

मैदानावर काळी माती उघडी ठेवली तर जुलै ते सप्टेंबर ते बंदच राहील. वरची ३० सेंटीमीटर काढून मुरूम भरा, वर चुरीचा पातळ थर, १०० ला १ उतार.

---

पाटीपेन्सिल

आग आणि स्वयंपाकघर राहिलं. कुंभकोणममध्ये १६ जुलै २००४ ला स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपरातून वर्गांत गेली आणि ९४ मुलं गेली. स्वयंपाकघर वर्गांच्या ओळीला चिकटवू नका. वेगळं, पक्क्या छताचं, सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात. प्राथमिकला मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, म्हणजे ३०० मुलांचे ३० किलो. महिन्याचा साठा १४-१५ पोती होतो. त्यासाठी जमिनीपासून २० सेंटीमीटर उंच आणि भिंतीपासून सुटी फळी, खिडकीला बारीक जाळी, दाराखाली पत्रा.

प्रत्येक वर्गात दाराच्या विरुद्ध बाजूच्या एका खिडकीची जाळी आतून उघडणारी ठेवा. तिची किल्ली कार्यालयात नको, कडी शिक्षकाच्या उंचीवर. उत्तर कुंपणालगत ६ मीटरची वाट अग्निशमनाच्या गाडीसाठी कायम मोकळी. तिथे व्हॅन उभ्या राहणार नाहीत हे फाटक आखतानाच बघा. मुलांचं फाटक वेगळं, गाड्यांचं वेगळं, आणि दोन्ही रस्त्यापासून ६ मीटर आत, म्हणजे ऑटो-व्हॅन रस्त्यावर न थांबता आत वळतील.

---

मोकळी_पाटी

काल समितीची बैठक झाली. ठरलं ते असं: दोन बैठ्या ओळी, मध्ये अंगण, मैदान पश्चिमेला, काच रद्द. उत्तरेच्या ओळीचे पाये दोन मजल्यांचे. काचेसाठी ठेवलेली रक्कम छताच्या थरांकडे आणि जोत्याच्या भरावाकडे वळवली. वास्तुविशारदांनी नवा नकाशा काढायला आनंदानं होकार दिला आहे. एकच अडचण: दक्षिणेच्या ओळीचा वरांडा अंगणाकडे, म्हणजे उत्तरेला येतो. मग तिच्या दक्षिणेच्या भिंतीवर ऊन राहणारच ना?

---

सावलीरेघ

राहील, पण आटोक्यात. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ६० सेंटीमीटरचा सज्जा खिडक्या झाकतो. हिवाळ्यात येतं ते हवंच आहे. मधले ऑक्टोबर आणि मार्चचा पहिला पंधरवडा उरतात; त्यासाठी सज्जा ७५ करा. भिंत पांढरी. तिथे चौथी-पाचवीचे वर्ग द्या. पहिली-दुसरी उत्तरेच्या ओळीत, कारण तिचा वरांडा दक्षिणेला आहे आणि डिसेंबरात त्याच्या फरशीवर सकाळभर ऊन असतं. लहान मुलांना थंडीत तिथेच बसवता येईल.

---

ओळंबा

नव्या नकाशात तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी ठेवू नका: प्लिंथ बीमखालची ८० मिमी पोकळी छेदचित्रात, मुरमाच्या थरांची जाडी मोजमापाच्या कलमात, आणि कूलरच्या सांडपाण्याचा पाइप नालीपर्यंत. तिसरी क्षुल्लक वाटेल, पण तो पाइप ओट्याच्या कडेला संपला तर दहा कूलरचं पाणी उन्हाळाभर थेट पायालगत मुरत राहील, आणि तेही माती सगळ्यात जास्त भेगाळलेली असते त्याच महिन्यांत.